अकरा नग आणि एकच शब्द, ‘सीडी’

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका घरात आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाची तयारी चालू होती. पाहुणे जमले की टीव्हीवर जुन्या चित्रणातले तुकडे लावायचे आणि राधानगरी तालुक्यातल्या गावाकडच्या घरी डीव्हीडी पाठवायच्या, असं ठरलं. गावाकडे अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि खाली जुना डीव्हीडी प्लेअर. माळ्यावरून पिशवी उतरवली, एकेक चकती घालून बघितली, आणि दोन दिवसांनी नातू पिशवी घेऊन माझ्या कामाच्या टेबलापाशी आला. त्याची तक्रार एका वाक्यात होती: ‘काका, ह्यातली एक पण सीडी धड चालंना झालीय, बघा की जरा.’

पिशवीत अकरा नग होते. १९९९ च्या लग्नाच्या तीन चकत्या. २००६ सालच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेत हँडीकॅमवर भरलेल्या चार छोट्या चकत्या. २००८ च्या आत्याच्या लग्नाच्या दोन. पुतण्याने अलीकडे ‘राइट’ केलेली एक. आणि आजोबांच्या एकसष्टीची एक मिनी-डीव्ही कॅसेट, जिला घरात ‘छोटी सीडी कॅसेट’ म्हणत. लग्नाची मूळ व्हीएचएस कॅसेट खालच्या मजल्यावरच्या कपाटात होती, ती २०१९ च्या महापुरात गेली. म्हणजे १९९९ च्या लग्नापुरती या तीन चकत्यांच्या मागची पिढी आता उरलेली नाही.

‘चालत नाही’ हे एक दुखणं नाही, चार वेगवेगळ्या मजल्यांवरची चार दुखणी आहेत. तळाला चकती स्वतः: प्लॅस्टिक, रंगद्रव्य, चकाकीचा थर. त्यावर लिखाणाची व्यवस्था: सत्र बंद केलं आहे का, अनुक्रमणिका लिहिली आहे का. त्यावर डबा, म्हणजे कंटेनर: चित्र आणि आवाज कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये एकत्र बांधलेत. आणि सगळ्यात वर कोडेक: ते चित्र कोणत्या रीतीने दाबून लहान केलंय. टीव्हीवर मात्र या चारही ठिकाणच्या अडचणीला बहुधा एकच पाटी येते, ‘नो डिस्क’ किंवा ‘अनसपोर्टेड’. या पिशवीत चारही मजल्यांवरचं एकेक दुखणं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

आधी ओळख पटवली

चकती ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी हातात घेऊन बघायची. लग्नाच्या तिन्ही चकत्यांची खालची बाजू फिकट हिरवट सोनेरी होती, म्हणजे सीडी-आर. आत्याच्या लग्नाच्या जांभळट, म्हणजे डीव्हीडी-आर. शंका असेल तर काठ डोळ्यासमोर आडवा धरावा. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ तबकड्या चिकटवून बनते, त्यामुळे काठाच्या मधोमध बारीक रेघ दिसते. सीडी १.२ मिलिमीटरची एकच जाड तबकडी असते.

हा फरक नुसत्या माहितीपुरता नाही. सीडीत माहितीचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहितो त्या बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. लोक जपतात खालची चकचकीत बाजू, आणि बॉलपेनने जोर देऊन नाव लिहितात वरच्या बाजूला. जीव तर तिकडेच. डीव्हीडीत तो थर मध्ये सुरक्षित असतो, पण काठाचा गोंद सुटला की हवा आणि ओल आत शिरते.

लग्नाची दुसरी चकती ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोकं दिसली. चकाकीचा थर तिथे उडाला होता. तिथली माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. बाबूराव पेंटरांच्या या गावात फिल्मची पट्टी उजेडापुढे धरून आत काय आहे ते बघणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. चकती उजेडापुढे धरली तर काय आहे ते दिसत नाही, काय गेलंय एवढंच दिसतं.

लग्नाच्या तीन व्हीसीडी

या साध्या डेटा सीडी नव्हेत, व्हिडिओ सीडी. आत एमपीईजी-१ कोडेकमधलं चित्र, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम. चित्राचा बिटरेट ११५० केबीपीएस, आवाजाचा २२४. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी किती बिट खर्च केले ते माप; केबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार बिट. व्हीसीडीत ते ठरीव आहे. नवरी शांत बसलेली असो की वरात नाचत असो, खर्च तेवढाच. म्हणून वरातीत चित्राचे चौकोन पडतात आणि मुहूर्ताच्या वेळी पडत नाहीत. तो चकतीचा दोष नाही, जन्मापासूनचा आहे.

संगणकावर उघडल्यावर एका फोल्डरात ‘डॅट’ शेपटाची मोठी फाइल दिसली. नातवाने घरी ती कॉपी करून बघितली होती आणि अर्ध्यावर ‘सीआरसी एरर’, म्हणजे वाचलेला मजकूर तपासणीत चुकल्याची पाटी, आली होती. कारण असं: साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका लहान कप्प्यात, २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्त करण्याचा मजकूर असतो. व्हीसीडीत चित्राच्या सेक्टरमध्ये ती जास्तीची दुरुस्ती काढून २३२४ बाइट चित्रच भरलेलं असतं. त्यामुळेच ७०० एमबीच्या चकतीवर ८० मिनिटं मावतात. ओरखडा आला की त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते. नेहमीची कॉपी पहिल्या वाईट सेक्टरवर हात टेकते. म्हणून आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने सेक्टर वाचायचे आणि जो वाचता येत नाही तो रिकामा सोडून पुढे जायचं. एक सेक्टर गेला तर सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग जातो, तेवढ्यासाठी अख्खी फाइल सोडायचं कारण नाही.

पहिली आणि तिसरी व्हीसीडी पूर्ण निघाली. दुसरीत भोकांच्या भागात मिळून चार मिनिटं गेली, आणि ती नेमकी मंगलाष्टकांची.

नातवाचा प्रश्न होता, ‘हे एचडी करता येईल का?’ ठिपके वाढवता येतात, तपशील वाढत नाही. ३५२ बाय २८८ चं चित्र १०८० ओळींचं केलं की फाइल फुगते, आणि चेहऱ्यांना मेणासारखी गुळगुळीत त्वचा येते. घरच्या माणसांना आपली माणसं ओळखू यायला हवीत, त्यामुळे ते केलं नाही.

जोतिबाच्या चार छोट्या चकत्या

खरं काम इथे होतं. ८ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या या चकत्या थेट कॅमेऱ्यात घालून भरलेल्या. तीन डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, आणि एक डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी. प्रत्येकीवर अर्ध्या तासाचं चित्रण. कॅमेरा कधीच भंगारात गेलेला.

चारही चकत्यांवर गुलाल होता. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात कॅमेरा उघडून चकती बदलली की तो आत जाणारच. गुलालाचे कण कोरड्या कापडाने पुसले तर तीच पॉलिश पेपरची घासणी होते. आधी चकती नळाच्या बारीक धारेखाली धरून कण वाहू द्यायचे. मग भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाच्या पेराने अलगद फिरवायचा, परत धुवायचं, आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ रेषेत टिपायचं. गोल गोल पुसू नये. माहिती गोल वाटेने लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या वाटेला क्षणभर छेदतो आणि चूक दुरुस्त होते. वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो.

स्वच्छ केल्यावरही तीन डीव्हीडी-आर प्लेअरने नाकारल्या. संगणकावर विंडोजने विचारलं, डिस्क रिकामी आहे, वापरण्यासाठी तयार करू का? इथे ‘हो’ म्हणणं म्हणजे घात. आरडब्ल्यू असती तर पुसली गेली असती, आणि या आर चकत्यांवर नवीन लिखाण सुरू होऊन आधीच्या लिखाणापर्यंत पोचायची वाट बंद झाली असती.

या चकत्या रिकाम्या नव्हत्या, फायनलाइज केलेल्या नव्हत्या. कॅमेरा चित्रण करताना चकतीच्या सुरुवातीला थोडी जागा राखून ठेवतो आणि त्यापुढे चित्र लिहीत जातो. सगळं भरून झालं की मेनूतून फायनलाइज करायचं. मग तो राखून ठेवलेल्या जागेत फाइलींची यादी आणि प्लेअरला लागणारी अनुक्रमणिका लिहितो, आतल्या कडेला लीड-इन आणि बाहेरच्या कडेला लीड-आउट टाकून दार लावून घेतो. प्लेअर आधी लीड-इन शोधतो. ते नसेल तर पुढे बघतच नाही. जमिनीचा व्यवहार झाला, पैसे दिले, पण सातबाऱ्यावर नोंद घालायची राहिली, तशातली गत. माल जागेवर आहे, कागदावर नाही.

फायनलाइज राहून जातं याची कारणं नेहमीचीच. त्या कामाला वेळ लागतो. कॅमेरा बहुधा बॅटरीवर ते करू देत नाही, अडॅप्टर मागतो. आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत असतं, कारण अर्धवट चकती वाचायची कशी हे त्या कॅमेऱ्याला ठाऊक असतं. मग माणूस निश्चिंत होतो.

ओळखीतून तसाच दुसरा कॅमेरा आणून त्यात चकती घालावी आणि फायनलाइज करावी, हा सल्ला बरेच जण देतात. त्याला नाही म्हणायचं नाही, पण ते सगळ्यात शेवटी. फायनलाइज म्हणजे चकतीवर लिहिणं आहे. वीस वर्षांच्या रंगद्रव्यावर, वापरून झिजलेल्या लेसरने, मध्येच वीज गेली तर काय होईल याचा विचार करून. आधी वाचून घ्यायचं, मग हवं ते करायचं.

वाचायला डीव्हीडी रायटर लागतो, नुसता डीव्हीडी रॉम ड्राइव्ह चालत नाही. न बंद केलेल्या चकतीवरच्या नोंदींचा आतला भाग लिहिणाऱ्या ड्राइव्हलाच कळतो. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह हवा, त्यात ८ सेंटिमीटरची खोलगट जागा असते. चकती ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये ही चकती अडकते आणि मग स्क्रूड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. या कामात तीन रायटर आलटून पालटून लावले. एकाला तीनपैकी एकही चकती दिसली नाही, दुसऱ्याला दोन दिसल्या, तिसऱ्या, जुन्या डेस्कटॉपमधल्या रायटरला तिन्ही.

आयसोबस्टरने फाइली दाखवल्या नाहीत, ट्रॅक दाखवले. मोठ्या ट्रॅकमधला कच्चा मजकूर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवला आणि ‘एमपीजी’ शेपटाने साठवला. फाइलच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या मीडियाइन्फोत उघडल्यावर उलगडा झाला: एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, सरासरी ६ एमबीपीएस, आवाज डॉल्बी डिजिटल. ३० मिनिटांत १.४ जीबी भरली, यावरूनही हिशेब तोच येतो.

मात्र ती फाइल प्लेअरमध्ये सरकवताना वेड्यासारखी उड्या मारत होती आणि आवाज पुढे-मागे जात होता. कॅमेऱ्याने बटण दाबल्यापासून थांबवेपर्यंतचा प्रत्येक तुकडा शून्य वेळेपासून मोजलेला असतो. अनुक्रमणिका असती तर तिने हे तुकडे ओळीने लावले असते. ती नसल्याने पन्नासेक तुकडे एकाच फाइलमध्ये, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने आधी तुकडे वेगळे केले, मग वेळेचे शिक्के नव्याने मारून जोडले. चित्र पुन्हा दाबलं नाही, फक्त डब्यात नीट रचलं. तिसऱ्या चकतीचा शेवटचा तुकडा अर्धवट निघाला. बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला असावा, कारण त्यापुढे चकतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

चौथी, आरडब्ल्यू चकती, लगेच उघडली. तिच्यात ‘व्हीआरओ’ शेपटाची एक फाइल होती. ही व्हीआर, म्हणजे ‘व्हिडिओ रेकॉर्डिंग’ पद्धतीने भरलेली. नवी आरडब्ल्यू चकती कॅमेऱ्यात तयार करताना ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हीआर’ असे दोन पर्याय येतात. व्हीआरमध्ये मधलाच तुकडा पुसता येतो, क्रम बदलता येतो, पण घरातले बहुतेक साधे प्लेअर ती पद्धत ओळखत नाहीत. व्हीआरओ फाइलचं नाव बदलून एमपीजी केलं आणि ती चालली.

नाव बदलून काय होतं, काय होत नाही

याच कारणाने पुतण्याच्या चकतीकडे वळावं लागतं. त्याने मोबाइलवरची एमपी४ फाइल डीव्हीडीवर टाकली. प्लेअर वाचत नाही म्हणून कुणाचं तरी ऐकून तिचं शेपूट ‘व्हीओबी’ केलं आणि परत राइट केली. तीही चालली नाही. व्हीआरओ आणि एमपीजी, दोन्हींच्या आत एकाच घराण्यातला एमपीईजी-२ चा प्रवाह असतो, म्हणून तिथे नाव बदलणं चालून गेलं. एमपी४ च्या आत एच.२६४ हा वेगळाच कोडेक होता. पेढ्याच्या डब्यात शेव भरून वर ‘पेढे’ लिहिलं म्हणून गोड लागत नाही.

शिवाय ती डेटा डिस्क होती. डीव्हीडी प्लेअरला ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर लागतं. त्यात चित्राच्या व्हीओबी फाइली प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या, त्यांची अनुक्रमणिका आयएफओमध्ये, आणि तिची जपून ठेवलेली नक्कल बीयूपीमध्ये. ही रचना तयार करणं म्हणजे ऑथरिंग. चकतीवर उमटवणं म्हणजे बर्निंग, आपल्याकडचं ‘राइट करणं’. पुतण्याने बर्निंग केलं होतं, ऑथरिंग नाही.

सव्वा तासाला थांबणारी डीव्हीडी

आत्याच्या लग्नाच्या दोन डीव्हीडींपैकी दुसरी सव्वा तास नीट चालून मग अडखळत होती. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. माहितीचा पट्टा मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. चित्रण १ तास ५० मिनिटांचं, चकती पूर्ण भरलेली. त्या हिशेबाने सव्वा तासाची जागा मध्यापासून ५० मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे बिघाड बाहेरच्या ८ मिलिमीटरमध्ये. वरच्या बाजूला नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर होता. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद ओल पितो, उन्हाळ्यात आकसतो, आणि चकतीला किंचित बाक येतो. बाक काठाला सगळ्यात जास्त. लेसरचा किरण तिथे तिरका पडतो.

स्टिकर सोलायचा मोह आवरला. सोलताना चकतीच्या दोन तबकड्याच एकमेकींपासून सुटायची भीती असते. ड्राइव्हचा वेग कमी करून डीडीरेस्क्यू या खराब चकत्या वाचायच्या सॉफ्टवेअरने वाचन सुरू केलं. पहिल्या फेरीत जे सहज येतं तेवढं घ्यायचं आणि अडलेल्या जागी थांबायचं नाही. दुसऱ्या फेरीत मागून पुढे वाचायचं. तिसऱ्या फेरीत, काय वाचलं आणि काय राहिलं याची सॉफ्टवेअरने लिहिलेली तीच नोंदवही ठेवून, ड्राइव्ह बदलायचा. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं, आणि नोंदवहीमुळे फक्त राहिलेल्या जागाच वाचल्या जातात. उलट्या क्रमाने काम केलं, म्हणजे सुरुवातीलाच वाईट जागेवर शंभर वेळा डोकं आपटलं, तर आधी ड्राइव्ह थकतो.

शेवटी दहा-बारा जागा राहिल्या. डीव्हीडीत चुकीची दुरुस्ती १६ सेक्टरांच्या, ३२ केबीच्या गठ्ठ्याने होते. गठ्ठा दुरुस्तीपलीकडे गेला की अख्खा जातो. ५ एमबीपीएसला ३२ केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, जेमतेम एक-दोन फ्रेम. मग पडद्यावर अर्धा सेकंद चौकोन का दिसतात? एमपीईजी-२ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यामागे फक्त बदल नोंदवणाऱ्या, अशी टोळी असते. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या, पद्धतीत ती १५ फ्रेमपर्यंतची असते. टोळीचा म्होरक्याच बिघडला तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत, ०.६ सेकंदापर्यंत, सगळ्यांचे चेहरे तुटलेले. एवढं घरच्यांनी चालवून घेतलं.

मिनी-डीव्ही कॅसेटबद्दल थोडक्यात. ती डिजिटलच आहे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून भरून घेणं म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग करून परत डिजिटल करणं. फायरवायर या डिजिटल वायरीने उतरवली की नुसती कॉपी होते, तासाला साधारण १३ जीबी. कॅमेरा भाड्याने मिळाला. कॅसेट आधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतली, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. मग तासाभरात काम झालं. ती १३ जीबीची फाइल जशीच्या तशी ठेवायची, लहान करायची नाही.

टीव्हीसाठी पेन ड्राइव्ह

समारंभासाठी सगळं एच.२६४ मध्ये, एमपी४ डब्यात केलं. इथे दोन गोष्टींत हमखास चूक होते.

पहिली इंटरलेसिंगची. हँडीकॅमचं पाल चित्र सेकंदाला २५ फ्रेम म्हणतात, पण प्रत्यक्षात ती ५० अर्धी चित्रं असतात. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. जुन्या टीव्हीवर ती आपोआप मिसळत. संगणकावर आणि काही नव्या टीव्हींवर, नाचवल्या जाणाऱ्या सासनकाठ्यांच्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. सोपा उपाय एक अर्ध टाकून देण्याचा, पण त्याने हालचालीचा निम्मा ऐवज जातो. त्याऐवजी प्रत्येक अर्ध्याची पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० केल्या. कोणतं अर्ध आधीचं हे तपासून घ्यावं लागतं. डीव्ही कॅसेटमध्ये खालचं आधी येतं, डीव्हीडी कॅमेऱ्यांत बहुधा वरचं. उलटं धरलं तर फ्रेम-फ्रेम पुढे सरकवताना काठी दोन पावलं पुढे, एक मागे जाताना दिसते.

दुसरी आकाराची. ७२० बाय ५७६ चं गुणोत्तर ५:४ येतं, चित्र मात्र ४:३ चं असतं, कारण पालचे ठिपके चौरस नसतात. फाइलमध्ये तशी खूण असते, पण पेन ड्राइव्हवरून चालवताना काही टीव्ही ती खूण मानत नाहीत आणि माणसं सडपातळ दिसतात. म्हणून ठिपके चौरस करून ७६८ बाय ५७६ केलं. टीव्हीच्या रिमोटवरचं ताणायचं बटण मात्र बंद ठेवायला सांगितलं. ४:३ चं चित्र १६:९ ला ताणलं की सगळं वऱ्हाड आडवं होतं.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीत ठेवला, कारण घरच्या टीव्हीला दुसरी पद्धत वाचता येत नव्हती. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणून प्रसंगानुसार तुकडे केले. पाहुण्यांनाही अख्खं लग्न बघायचं नसतं.

गावाकडच्या प्लेअरसाठी

४.७ जीबीची डीव्हीडी म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज तीच जागा ४.३८ जीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. चकती फसवी नाही.

जोतिबाच्या चार चकत्या मिळून दोन तास, ५.६ जीबी. एका डीव्हीडीत मावत नाहीत. मावायच्या तर हिशेब असा: ४७० कोटी गुणिले ८ बिट, भागिले ७२०० सेकंद, म्हणजे साधारण ५२२० केबीपीएस. त्यातून रचनेसाठी ५ टक्के सोडले तर ४९६०, आवाजाचे १९२ वजा केले की चित्राला सुमारे ४७५०. करता येतं. पण ते चित्र एकदा कॅमेऱ्यात दाबलेलंच आहे. उडणारा गुलाल, हजारो डोकी, हलणारा कॅमेरा, हे सगळं कोडेकला जड जातं. परत दाबलं की आधीच्या चौकोनांवर नवे चौकोन. साडेआठ जीबीची दुहेरी थराची डिस्क जुन्या प्लेअरला थर बदलताना जड जाते. त्यापेक्षा दोन डिस्क केल्या, चित्राला हात न लावता. डिस्क स्वस्त आहे.

लग्नाच्या व्हीसीडींचं गणित वेगळंच निघालं. तिन्ही मिळून पावणेतीन तास. बहुतेक सॉफ्टवेअर त्या चित्राचं डोळे मिटून एमपीईजी-२ मध्ये रूपांतर करतात. त्याची गरजच नसते. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय २८८ चं एमपीईजी-१ चित्र १८५६ केबीपीएसपर्यंत चालतं, आणि व्हीसीडीचं ११५० आहे. अडचण फक्त आवाजाची: व्हीसीडीत तो ४४.१ किलोहर्ट्‌झचा असतो, डीव्हीडीला ४८ लागतो. आवाज तेवढा बदलला, चित्र मूळचंच. पावणेतीन तास १.७ जीबीत बसले.

राइट करताना डीव्हीडी-आर घेतली. जुने प्लेअर डीव्हीडी+आर, म्हणजे प्लस आर पेक्षा ही वजा आर जास्त मानतात. १६एक्सच्या चकतीवर ८एक्स वेगाने लिहिलं, आठेक मिनिटांत एक. घाईत पूर्ण वेगाने लिहिली तर बाहेरच्या काठाकडे लिखाण खराब होतं. अगदी कमी वेगही आजच्या चकत्यांना मानवत नाही, त्यांचं रंगद्रव्य त्या वेगासाठी बनवलेलं नसतं. शेवटी ‘डिस्क बंद करा’ची खूण केली, पडताळणी केली, आणि नाव काठाजवळ नव्हे तर मधल्या पारदर्शक कड्यावर स्पिरिट नसलेल्या मार्करने लिहिलं. स्टिकर लावला नाही.

राहिली ती चार मिनिटं. १९९९ साली स्टुडिओवाले लग्नाचे बहुधा दोन संच देत, एक वराकडे आणि एक वधूकडे. नातवाला विचारलं, ‘आईच्या माहेरी बघितलंस काय?’ बघितलं नव्हतं. माहेर निपाणीला. तिथल्या संचातली दुसरी व्हीसीडी टीव्हीखालच्या खणात प्लॅस्टिकच्या पाकिटात होती. डॅट फाइलचा आकार बाइटपर्यंत तोच, म्हणजे दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या. त्या चकतीला वेगळ्या जागी ओरखडे होते. या चकतीत जे सेक्टर रिकामे राहिले होते ते तिच्यातून घेऊन भरले, आणि मंगलाष्टका सलग झाल्या.